आजाराच्या नावाआधी लेकराकडे पाहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वर्धा जिल्ह्यात लहान मुलांचा डॉक्टर म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. ‘याले काय झालं जी?’ कधी आई विचारते, कधी आजी, कधी मोटारसायकलवर मागे बसवून आणणारा मामा. त्यांना आजाराचं नाव हवं असतं. निमोनिया, टायफॉइड, मलेरिया, कावीळ, काहीही चालेल, पण नाव हवं. नाव मिळालं की जीव जरा भांड्यात पडतो. घरी फोन करून सांगता येतं, मेडिकलच्या दुकानात सांगता येतं.

त्यांची घालमेल मी समजू शकतो. पण लहान मुलाच्या बाबतीत पहिल्या दहा मिनिटांत नाव कळणं तेवढं गरजेचं नसतं. आधी हे कळावं लागतं की मूल घरी ठेवण्यासारखं आहे की नाही. आणि हे ठरवायला लागणारी बहुतेक माहिती आईजवळ असते, डॉक्टरजवळ नसते. म्हणून आज मी औषधांविषयी फारसं बोलणार नाही. लेकराकडे पाहायचं कसं, याविषयी बोलणार आहे. आणि त्याबरोबरच एका अशा आजाराविषयी, जो मोठ्या शहरातल्या डॉक्टरच्या दृष्टीने क्वचित दिसणारा आहे, पण आपल्या वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात मुळीच दुर्मिळ नाही.

मूल दवाखान्यात आलं की चांगला बालरोगतज्ज्ञ लगेच त्याला हात लावत नाही. आईच्या मांडीवरच राहू देतो आणि पाहतो. मूल माझ्याकडे पाहतं का? अनोळखी माणूस दिसल्यावर आईच्या पदरात तोंड लपवतं का? गळ्यातल्या स्टेथोस्कोपला हात घालतं का? कान आणि घसा मी सर्वांत शेवटी पाहतो, कारण त्यानंतर मूल जे रडू लागतं, त्यात छातीतला आवाजही ऐकू येत नाही आणि श्वासही मोजता येत नाही. आमच्या विद्येतला हा एवढा साधा क्रम आहे, पण गर्दीच्या दिवशी तो पाळायला संयम लागतो.

१०३ ताप असलेलं मूल बाकावर उभं राहून खिडकीचे गज हलवत असेल, तर मला घाई वाटत नाही. १०० ताप असलेलं मूल मांडीवर लोळागोळा पडलं असेल, सुई टोचली तरी कण्हण्यापलीकडे काही करत नसेल, तर मी बाकीची रांग थांबवतो. थर्मामीटरचा आकडा आणि आजाराचं गांभीर्य ही दोन वेगळी मापं आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी रात्र तापाची पट्टी पाहत जागण्याचं कारण उरत नाही. त्याऐवजी लेकरू पितं की नाही, हे पाहता येतं.

धोक्याच्या खुणा जगभर ज्या शिकवल्या जातात, त्या अगदी थोड्या आहेत. मूल दूध किंवा पाणी पिऊच शकत नाही. जे पोटात जातं ते सगळं ओकून टाकतं. झटके आले आहेत. सुस्त पडलं आहे, हाक मारल्यावर, हलवल्यावर नीट जागं होत नाही. यापैकी एकही गोष्ट असेल तर आजार कोणता, यावर घरात चर्चा करत बसू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नियम आणखी कडक. त्याला नुसता ताप आला, किंवा उलट अंग गार पडलं, किंवा कालपर्यंत चुरूचुरू पिणारं बाळ आज स्तन तोंडात धरत नाही, एवढंही पुरे. इतकं लहान बाळ खोकून, रडून आजार दाखवत नाही. ते नुसतं गप्प होतं.

‘फार शांत झालं आहे बाळ, त्रासच देत नाही,’ असं कोणी कौतुकाने सांगितलं की माझे कान टवकारतात.

आता श्वासाविषयी. सर्दी-खोकला झालेल्या शंभर मुलांपैकी बहुतेकांना काही दिवसांची साधी सर्दी असते. त्यातलं निमोनिया झालेलं मूल शोधायचं कसं? आपल्याकडे आजीला याचं एक ज्ञान परंपरेनेच असतं. बरगड्यांखाली खळगा पडतो, पोट भात्यासारखं वरखाली होतं, तेव्हा ती म्हणते, ‘याले डब्बा झाला.’ कोणी म्हणतं, फासळ्या उडतात. निरीक्षण अगदी बरोबर आहे. पुढचा उपाय मात्र अनेकदा चुकतो. मेळघाटात तापलेल्या सळईने किंवा विळ्याने पोटावर डाग देण्याची ‘डम्मा’ नावाची प्रथा आहे, आणि तिची बातमी अजूनही अधूनमधून छापून येते. भाजल्याच्या जखमा घेऊन मूल रुग्णालयात पोचतं तोवर निमोनियाने दोन दिवसांची आघाडी घेतलेली असते.

फासळ्या उडण्याच्या आधीची पायरी म्हणजे श्वास जलद होणं. तो मोजायला यंत्र लागत नाही. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत किंवा दूध पिऊन झाल्यावर, अंगरखा वर करा आणि घड्याळाचा पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहा. आजकाल प्रत्येक मोबाईलमध्ये सेकंद दिसतात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो जलद श्वास. लहान बाळाचा पुन्हा एकदा मोजून खात्री करायची आणि डॉक्टरकडे जायचं. खळगा पडत असेल तर मोजत बसण्याचीही गरज नाही.

हे आकडे केवळ कागदावरचे नाहीत. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच थोडं शिकलेल्या माणसांना आणि दाईंना श्वासावरून निमोनिया ओळखायला आणि त्यावर प्रतिजैविक द्यायला शिकवलं. ज्या दाईंना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली की निमोनिया समजायचा. १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्या गावांत हे काम झालं तिथे लहान मुलांचे निमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. एक्स-रे नव्हता, तज्ज्ञ नव्हता. मोजणारा डोळा होता.

आपल्या जिल्ह्याचीही एक नोंद सांगतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने वर्धा जिल्ह्यातल्या गावांमध्ये नवजात बाळांच्या धोक्याच्या खुणांविषयी मातांशी बोलून एक अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. आजारी बाळाला लगेच डॉक्टरकडे न्यावं, असं बहुतेक मातांनी सांगितलं. पण प्रत्यक्षात आजारी पडलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना कोणताच उपचार मिळालेला नव्हता. कारणं विचारली तर माहिती नव्हती, पैसे नव्हते, गाडी नव्हती, बाहेरची बाधा वाटली, आणि एक कारण असंही होतं की घरात जबाबदार माणूस नव्हतं. हे शेवटचं कारण मला नेहमी अस्वस्थ करतं. आई घरात होतीच की! पण बाळाला घेऊन निघण्याचा निर्णय तिचा नव्हता. त्यानंतर गावोगाव आशाताई आल्या, १०८ ची गाडी आली, परिस्थिती बरीच बदलली आहे. तरीही सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत ‘हे शेतातून आले की जाऊ’ म्हणून थांबलेल्या आया मी पाहिलेल्या आहेत. सासरेबुवा, भाऊसाहेब, आपण ऐकत असाल तर एवढंच करा: सुनेला, वहिनीला आधीच सांगून ठेवा की अशा वेळी विचारायला थांबू नकोस.

हगवणीबद्दल फार बोलत नाही, कारण ओआरएस आता घराघरात माहीत आहे. फक्त ते विरघळवताना माप पाळा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं पाकीट पेलाभर पाण्यात. पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा. मोठं पाकीट एका कपात कालवून पाजलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. आणि जस्ताच्या गोळ्या संडास थांबली तरी पूर्ण १४ दिवस द्यायच्या.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, जी आया मला क्वचितच आपणहून सांगतात: मुलाने लघवी शेवटची केव्हा केली. लंगोट सहा-आठ तास कोरडा असेल तर ते मला तापाच्या आकड्याहून जास्त सांगून जातं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या सीमेपलीकडे छिंदवाडा जिल्ह्यात काय झालं, ते आपण वर्तमानपत्रात वाचलं असेल. साध्या सर्दी-खोकल्यासाठी मुलांना खोकल्याचं औषध दिलं गेलं. त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं. तपासणीत त्या बाटल्यांच्या खेपेत ते ४८ टक्क्यांहून अधिक निघालं. परवानगी असते ती ०.१ टक्क्याची. मुलांची मूत्रपिंडं बंद पडली. अनेकांना नागपूरला आणण्यात आलं, वीसहून अधिक मुलं दगावली. सर्दी बरी होत आली आणि लघवी मात्र थांबली, ही तिथली खूण होती. साध्या सर्दीत लघवी थांबत नाही. मुळात लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याला त्या गोड औषधांची गरज फार क्वचित असते. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दीची ठरावीक मिश्रणं देऊ नयेत, अशी सूचना सरकारी औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिलेली होती. दुकानदाराकडून ‘मागच्या वेळचीच बाटली’ आणण्याची सवय आपण मोडायला हवी.

सर्दीत लघवी थांबत नाही. दुर्मिळ आजार ओळखण्याची हीच वाट आहे. डॉक्टर दुर्मिळ आजार पाठ करून ओळखत नाही. नेहमीच्या आजाराच्या गोष्टीत एखादी न बसणारी गोष्ट दिसली की तो थबकतो.

हिंगणघाटकडचा सात वर्षांचा एक मुलगा दोन दिवस निमोनिया म्हणून औषध घेत होता. श्वास जलद आणि खोल चालला होता, मूल गळून गेलं होतं. छाती ऐकली तर स्वच्छ. खोकला नाही. श्वास इतका जलद आणि फुफ्फुसात काहीच नाही, हे जुळत नव्हतं. आईला विचारलं, पाणी किती पितो? ती म्हणाली, रात्री उठून माठाशी बसतो. आणि हळूच पुढे म्हणाली, पंधरा दिवसांपासून पुन्हा अंथरुणात ओलं करायला लागला आहे, म्हणून रागावले त्याला. बोटाच्या एका थेंबात साखर कळली. मुलांचा मधुमेह होता, आणि रक्तात आम्ल साचल्याने शरीर श्वासावाटे ते बाहेर टाकू पाहत होतं. आज तो शाळेत जातो, स्वतः इन्सुलिन टोचून घेतो. अंथरूण ओलं करणं थांबलेल्या मुलाने पुन्हा सुरुवात केली तर त्याला रागावण्याआधी एकदा साखर तपासा. वर्षभरात अशी फार मुलं दिसत नाहीत, पण त्या थेंबाला काही मिनिटंच लागतात.

ऋतू आणि ठिकाण यांनाही फार अर्थ असतो. पावसाळ्याच्या शेवटी, निंदणाच्या दिवसांत, पाच-सात दिवसांचा ताप मलेरिया नाही, डेंग्यू नाही आणि नेहमीच्या औषधाला जुमानत नाही, तेव्हा आम्ही मुलाचे सगळे कपडे काढून अंग पाहतो. काखेत, जांघेत, कानामागे, कमरेच्या करगोट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखी एक काळी खपली सापडली तर तो स्क्रब टायफस. गवतातल्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्याने तो होतो. २०१८ साली नागपूर आणि आजूबाजूच्या भागात त्याची मोठी साथ आली होती. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. खपली दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. आंघोळ घालणाऱ्याच्याच ती नजरेस पडू शकते. याउलट चांदीपुरा. हा विषाणू १९६५ साली आपल्या नागपुरातच प्रथम सापडला आणि तिथल्या वस्तीचं नाव घेऊन जगाच्या पुस्तकात गेला. वाळूमाशीतून तो पसरतो. सकाळी ताप, संध्याकाळी झटके, दुसऱ्या दिवशी बेशुद्धी इतका त्याचा वेग असू शकतो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. त्यावर खास औषध नाही, पण झटके आणि मेंदूची सूज यांवर उपचार करता येतात, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

आता सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या आजाराकडे येतो. सिकलसेल.

आर्वीकडच्या एका गावातून चार वर्षांच्या मुलीला घेऊन आजी आणि आई आल्या होत्या. तक्रार होती तापाची. मी डोळ्यांची पापणी खाली ओढली तर आत फिकट आणि वर पांढऱ्या भागात पिवळसर झाक. आजी म्हणाली, ‘कावीळ तं तिले नेहमीच होते. तीनदा उतरवली.’ एकदा माळ घातली होती, ती लांबत गेली म्हणजे कावीळ उतरली असं समजून सगळे निश्चिंत झाले होते. या माळेबद्दल मी घरच्यांशी वाद घालत नाही. पण ‘तीनदा’ या शब्दाने माझं काम झालं. पाण्यातून होणारी साधारण कावीळ मुलाला सहसा एकदाच होते. तीच कावीळ तिसऱ्यांदा आली असं कोणी म्हणालं, तर ती कावीळ नव्हे, आत काहीतरी सतत मोडतं आहे. मी विचारलं, लहानपणी हातपाय सुजले होते का? आईला लगेच आठवलं. दहा महिन्यांची असताना दोन्ही हातांचे पंजे असे फुगले की चांदीच्या मनगट्या कापून काढाव्या लागल्या. कोणी म्हणालं पाळण्यातून पडली असेल, कोणी म्हणालं वात आहे. आठ दिवसांत सूज गेली आणि गोष्ट विसरली गेली.

दहा महिन्यांची पंज्यांची सूज, वारंवार पिवळे डोळे, फिकटपणा, आणि पोटात डावीकडे बरगडीखाली हाताला लागणारी पाणथरी. यातलं प्रत्येक लक्षण वेगळं घेतलं तर त्याला साधं नाव मिळतं, आणि त्या मुलीच्या बाबतीत प्रत्येकाला वेगवेगळ्या ठिकाणी साधं नाव मिळालंही होतं. एकत्र ठेवली तर आपल्या भागात एकच नाव पुढे येतं. तपासणीत तेच निघालं.

सिकल म्हणजे विळा. गोल, लवचीक असायला हवी ती तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. ती लवकर मोडते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून हाडांत असह्य वेदना. १९१० साली शिकागोत तिची पहिली शास्त्रीय नोंद झाली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये ती आढळली, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतात, आपल्या नागपूरच्या परिसरात ती असल्याचं दाखवून दिलं. म्हणजे हा आजार इथे आहे, हे आपल्याला माहीत होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. हा फक्त आदिवासींचा आजार आहे, हा समजही बरोबर नाही. विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीयांमध्येही आहे. ‘आमच्यात नाही होत’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आणि मग त्याच घरातला अहवाल हातात घेतला.

वंशाचा हिशेब साधा आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन सदोष अंश आले तरच मूल आजारी होतं. एकच आला तर तो वाहक. वाहक सहसा ठणठणीत असतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळ होण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं; प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. आणि ‘हे हिच्या माहेरून आलं’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंना मी शांतपणे सांगतो, आई, अर्धं तुमच्याकडून आल्याशिवाय हे होतच नाही. हे ऐकल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलत नाही. मला ती शांतता आवडते.

सिकलसेलच्या लहान मुलात दोन गोष्टी जिवावर बेततात. पहिली ताप. या मुलांची पाणथरी हळूहळू निकामी होते आणि काही जंतूंशी लढण्याची ताकद जाते. इतर मुलाचा ताप एक दिवस पाहता येतो, याचा नाही. त्याच तासात निघायचं. म्हणूनच पाच वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन देतात. ते किती वाचवतं, हे अमेरिकेत १९८६ सालीच सिद्ध झालं आहे. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे, ती चुकवायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणथरीत एकाएकी रक्त साचणं. काही तासांत ती फुगते, मूल पांढरंफटक पडतं, आणि रक्त मिळालं नाही तर जातं. यावरचा उपाय वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरच्या डॉक्टरांनी दाखवला, आणि तो उपाय म्हणजे आईचा हात. त्यांनी आयांना पाणथरी चाचपायला शिकवलं आणि मृत्यू घटले. त्या आर्वीकडच्या मुलीच्या आईचा हात मी असाच तिच्या पोटावर ठेवला. बरगडीच्या कडेखाली दोन बोटं. रोज आंघोळीच्या वेळी मोजायचं सांगितलं. ती सातवी शिकलेली होती. मला म्हणाली, ‘कणकेचा गोळा दाबल्यावानी लागते जी.’ याहून चांगलं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. पाच महिन्यांनी एका रात्री ती मुलीला घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, ‘दोनाचे चार बोटं झाले.’ ताप नव्हता, उलटी नव्हती. नुसती मलूल होती. तासाभरात रक्त चढलं आणि सकाळी मुलीने बिस्कीट मागितलं. त्या रात्रीचं निदान आईचं होतं. मी फक्त रक्ताची पिशवी मागवली.

हा आजार आज मुळातून बरा करणं सर्वांच्या आवाक्यात नाही, पण सोसण्याजोगा करता येतो. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ बरीच कमी होते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यावी लागते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. गावात तपासणीचा कॅम्प लागतो तेव्हा लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना लपवू नका. वाहक असल्याचं कार्ड म्हणजे डाग नव्हे. ते आधी माहीत असलं तर जोडप्याला निर्णय घेता येतो.

एक बारीक पण कामाची गोष्ट. गावात होते ती सोल्युबिलिटीची तपासणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळात फसवी असते. जन्मताना बाळाच्या रक्तात वेगळ्या जातीचं हिमोग्लोबिन असतं, ते त्याला काही महिने सांभाळतं आणि तपासणीलाही चकवतं. त्यामुळे ‘बाळाची केली होती, निगेटिव्ह आली’ असं म्हणून स्वस्थ बसू नका. आईवडील दोघं वाहक असतील तर जन्मतःच टाचेच्या थेंबावर मोठ्या यंत्राची तपासणी करून घ्या, नाहीतर पुढे पुन्हा करा.

डॉक्टरकडे येताना काय आणावं, असं पत्रांतून विचारलं जातं. जुने सगळे कागद आणा, अगदी चुरगळलेलेसुद्धा. तुमच्या दृष्टीने ती वेगवेगळ्या आजारांची वेगवेगळी कागदं असतात. मी ती टेबलावर तारखेप्रमाणे लावतो आणि कधी कधी त्यातून एकच आजार उठून दिसतो. मेडिकलवाल्याने दिलेल्या बाटल्याही आणा. कागद नसतील तर तारखा सणावरून सांगितल्या तरी चालतात. ‘पोळ्याच्या आधी सुजले होते, दिवाळीत डोळे पिवळे झाले,’ एवढ्यावर माझं भागतं.

आणि एक विनंती शिक्षक मंडळींना. सिकलसेलच्या मुलाची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत. त्याला जास्त पाणी प्यावं लागतं आणि जास्त वेळा लघवीला जावं लागतं. पाणी कमी पडलं तर त्याच पेशी अडकून दुखणं उभं राहतं, आणि आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापतं. वर्गात सारखी करंगळी वर करणारा मुलगा टाळाटाळ करतोय असं वाटलं, तर एकदा त्याच्या घरी विचारा. त्याची पाण्याची बाटली बाकावरच राहू द्या, आणि पीटीच्या तासाला उन्हात पळायला लावू नका.